तीन पाण्यांची बोरं

पौष लागला की आमच्या मोहल्ल्यात, रायपूरच्या तात्यापाऱ्यात, बोरं येतात. आधी वास येतो, मग टोपली दिसते. बोराचा वास मोठा चहाडखोर. फडताळात ठेवा, पिशवीत बांधा, पलंगाखाली सरकवा, दारातून आलेला माणूस चपला काढता काढता विचारतोच, काय वो, बोरं आणली का? आंबट, गोड, जरासा आंबून गेलेला, आणि त्यात ऊन खाल्लेल्या मातीचा वास मिसळलेला. यंदाही परवा आणली. पायरीवर उन्हात बसले, परातीत ओतली, पाणी घातलं आणि हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. माझ्या हाताला आता विचारावं लागत नाही.

नेमका त्याच दिवशी आमच्या भजन मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला होता. काचेच्या भांड्यात मिठाचं पाणी, त्यात लालबुंद स्ट्रॉबेऱ्या, आणि पाच-दहा मिनिटांत त्यांतून पांढऱ्या दोऱ्यासारख्या बारक्या अळ्या वर येताना दिसतात. खाली बायांचा नुसता आकांत. एकीने लिहिलं, आज से स्ट्रॉबेरी बंद. दुसरीने लिहिलं, हम तो कल ही पूरा डिब्बा खा गए. मला मेलं हसूच आलं. फळ आहे तर अळी असणारच की. ती आपल्या आधी पोचलेली असते आणि आपल्यापेक्षा चांगलं निवडून खाते. तिला कोणी शिकवत नाही गोड कोणतं आणि तुरट कोणतं ते.

मला अळीची किळस कधी वाटली नाही. भीती मात्र वाटली आहे, एकदाच, आणि ती चांगली अडीच दिवस पुरली. खरं तर तेच सांगायला बसले आहे, पण माझं असं आहे की सरळ रस्त्याने जाणं मला जमत नाही.

मी वर्ध्याची. आमच्याकडे बोर धुवायची पद्धतच नव्हती. फ्रॉकला पुसलं की झालं धुऊन. शाळेमागच्या रानात काट्यांतून हात घालून काढायची, तिथेच खायची. दातांखाली काही मऊ लागलं की थू थू करायचं आणि पुढचं तोंडात टाकायचं. आमच्या वर्गात तर पैज लागायची, कोणाच्या बोरात निघते त्याची. लग्न होऊन रायपूरला आले तर इथे फळाला तीन पाणी.

सासरे भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले. मी या घरात आले तेव्हा ते नव्हतेच. घरात आम्ही तिघं, सासूबाई, हे आणि मी. सासूबाई ठेंगण्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू, आणि डोळे असे तीक्ष्ण की तांदळातला सोंडा त्यांना खोलीच्या पलीकडून दिसायचा. पहिलं पाणी धुळीचं. दुसरं मिठाचं, त्यात फळ ठेवायचं ते कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर. जे बोर तरंगलं ते बाजूला. ‘हलकं हाये म्हणजे आत कोणी जेवून राहिलं,’ असं त्या म्हणायच्या. तिसरं पाणी साधं, मीठ उतरवायला. मग जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यावर एकेक बोर सुटं मांडायचं, एकमेकाला लागू द्यायचं नाही.

फागुनात तुती यायच्या तेव्हा तर बघण्यासारखं. मिठाच्या पाण्यातून बारक्या अळ्या वर यायला लागल्या की सासूबाई परातीशी वाकून त्यांच्याशी बोलायच्या. ‘निघा बाबू, निघा. दुसरं घर पाहा.’ अगदी घरमालकिणीच्या सुरात. आणि मग ते पाणी दारच्या कढीपत्त्याला नेऊन घालायच्या. मोरीत कधी ओतलं नाही.

माझ्या मनात जो हिवाळा आहे तो राज्य नवं झालं त्या वर्षीचा. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं आणि त्याला ते झेपत नव्हतं. पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. जुनं नाव खरवडायचं, नवं लिहायचं, रंग वाळायच्या आत साहेब येऊन आत बसलेले. अरुंद रस्त्यांतून लाल दिव्याच्या गाड्या बैलगाड्यांच्या मागे अडकून भोंगे वाजवायच्या. भोपाळहून आलेली माणसं दारोदार विचारत फिरायची, भैया, इधर कोई मकान खाली है? ह्यांचं ऑफिसही तेव्हाच भरलं. ट्रकांतून फायलींचे गठ्ठे आले. हे रोज संध्याकाळी शर्ट झटकून घरात येत आणि सांगत, आज एक फाइल उघडली तर आतून कसर पळाली, तुमच्या बोरातली अळी परवडली. सासूबाई म्हणायच्या, ‘मंग मिठाच्या पाण्यात टाका फायली.’ त्यांना राजधानीचं कौतुक नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न होता. ‘राजधानी झाली म्हणते. मंग नळ काहून अर्धाच घंटा येते?’

त्या हिवाळ्यात तीन पाणी पुरेनासं झालं. सासूबाई प्रत्येक बोर फोडून पाहायला लागल्या.

दुपारच्या उन्हात गच्चीवर बसायच्या. समोर ताट, हातात छोटी सुरी. बोर चिमटीत धरायचं, देठाजवळचा डाग अंगठ्याने चाचपायचा, सुरीने गोल चीर द्यायची, दोन्ही फोडी वेगळ्या करायच्या, आठळी काढायची, तिच्याभोवती तपकिरी भुसा दिसतो का ते उन्हात धरून बघायचं. स्वच्छ असेल तर फोडी ताटात, माझ्यासाठी. भुसा दिसला तर ते बोर खाली शेजारच्या बकरीला. ती बकरी त्या हिवाळ्यात रोज बारा वाजता आमच्या भिंतीशी हजर असायची आणि वर तोंड करून उभी राहायची. अळीसकट खायची सगळी. महिन्याभरात तिचं पोट असं सुटलं की तिची मालकीण आमच्याशी नीट बोलेना, आणि मग तिला दोन पिल्लं झाली, धडधाकट, उड्या मारणारी. मी सासूबाईंना म्हटलं, पाहा, बकरीला काही झालं का? त्या हसल्या नाहीत. पुढचं बोर उचललं.

आता फोडलेल्या बोरात काय राहतं ते खाणाऱ्यालाच माहीत. बोर अख्खं तोंडात घ्यायचं असतं. एका गालात ठेवायचं, दातांनी साल फोडायची, गर जिभेने आठळीवरून ओरबाडायचा, मग ती आठळी उगीच तोंडात फिरवत तासभर कामं करायची. फोडी करून ताटात वाढलं की ते औषध होतं. मी काढा घ्यावा तशी त्या फोडी गिळायची. ‘आई, एखादं तर तसंच द्या,’ मी म्हणायची. ‘काहून घाई करून राहिली? पळून नाही चालले ते. मले पाहू दे आधी.’ बाकी कोणत्या गोष्टीत त्या कडक नव्हत्या. माझं मीठ चुकलं, दूध उतू गेलं, हव हव, होते असं, एवढंच म्हणायच्या. बोराच्या बाबतीतच त्यांचा चेहरा असा व्हायचा की पुढे बोलायची छाती व्हायची नाही.

कारण मला तिसरा महिना होता. आणि त्याच्या आदल्या पावसाळ्यातही मला तिसराच महिना होता, आणि तो पुरा झाला नव्हता.

हे मी कधी कोणाला नीट सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, होता है बेटा, इसमें किसी की गलती नहीं. असं कोणी सांगितलं की माणूस मान हलवतो आणि घरी जाऊन चूक शोधायला लागतो. मला माझी सापडली होती. तो दुपारचा नळ होता, जायला आला होता, आणि सासूबाई नको नको म्हणत असताना मी दोन बादल्या एकदम उचलून आत नेल्या होत्या. दोन दिवसांनी सगळं संपलं. दवाखान्यातून आले तेव्हा सासूबाईंनी डोक्याला तेल लावलं, मऊ भात कालवून दिला, सगळं केलं, पण माझ्या डोळ्यांत बघेनात. बोलताना भिंतीकडे, पदराकडे, परातीकडे बघायच्या. मी काय समजायचं ते समजले. यांनी नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, आणि आता त्या तोंडाने बोलत नाहीत एवढंच. म्हणून हिवाळ्यात त्या सुरी घेऊन बसल्या तेव्हा मला ती शिक्षा वाटली. हिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हिला एक बोरसुद्धा हिच्या हाताने खाऊ द्यायचं नाही. मला राग यायचा आणि रडूही यायचं, आणि त्या दिवसांत दोन्ही एकदम यायचं.

मग मी चोरी केली. कोपऱ्यावर दुलारी नावाची बोरवाली बसायची, आरंगकडच्या एका खेड्यातून सकाळच्या बसने यायची. सासूबाई दुपारी जरा आडव्या झाल्या की मी पाय न वाजवता दाराबाहेर. ‘ले ले बहिनी, गुरतुर हे. एको ठन म कीरा नइ हे,’ ती म्हणायची. गुरतुर म्हणजे गोड, कीरा म्हणजे किडा, एवढी छत्तीसगढी मला तोवर येत होती. ओंजळभर बोरं पदरात बांधून मी न्हाणीघरात जाऊन खायची. कडी लावून, उभ्याने. चोवीस वर्षांची बाई, पोटात मूल, आणि चोरासारखी न्हाणीघरात बोरं खाते आहे. काय गोड लागायची ती म्हणून सांगू.

चौथ्या की पाचव्या दिवशी एका बोराचा अर्धा लचका तोडला, चावला, गिळला, आणि हातातल्या अर्ध्याकडे सहज पाहिलं. आठळीशी भुसा होता आणि त्या भुशात पांढरी अळी होती. अर्धी. ती अजून हलत होती.

वर्ध्याची मी असते तर थू थू केलं असतं आणि पुढचं तोंडात टाकलं असतं. पण मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. चार वेळा चुळा भरल्या, बोट घालून ओकायला पाहिलं, नुसतंच पाणी आलं. बाहेर सासूबाई जाग्या झाल्याची भांडी वाजत होती. त्या वेळी मनात जे आलं ते अगदी स्पष्ट आठवतं. हेही मी माझ्याच हाताने घालवलं.

पुढचे अडीच दिवस मी पोटाशी कान लावून जगले. चालताना, पोळ्या लाटताना, ह्यांच्याशी बोलताना, माझं सगळं लक्ष आत. जरा कुठे कळ आली की हात जागच्या जागी थांबायचे. ह्यांना सांगितलं नाही. त्यांनी हसण्यावारी नेलं असतं आणि मला ते सहन झालं नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीपोटात खरोखर दुखायला लागलं. फार नाही. पण मागच्या वेळी सुरुवातीला फार नव्हतंच. सासूबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले.

‘आई, मले एक सांगायचं आहे.’

‘सांग ना.’

‘मी दुलारीकडची बोरं खाल्ली. न पाहता. एकात अळी होती आणि ती माझ्या पोटात गेली, अर्धी. आता दुखते आहे.’

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांच्या हातातली मेथीची काडी खाली पडली. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. उठल्या, लुगडं नीट केलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, ‘चाल.’ सायकलरिक्षात बसल्यावर माझा हात धरला तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, इकडे दाबलं, तिकडे दाबलं, कधी शौचाला गेले ते विचारलं. मग म्हणाल्या, गॅस है, बाकी सब ठीक है. मी अळीचं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. ‘अरे, बोइर का कीड़ा पेट में गया तो हजम हो गया. बच्चे तक उसका कोई रास्ता ही नहीं है. हम सबने बचपन में कितने खाए हैं.’ माझ्या अंगातलं सगळं ओझं उतरलं. मी उठून चपला शोधत होते. सासूबाई मात्र स्टुलावरून उठल्या नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी हळू आवाजात विचारलं,

‘और जामुन का, डॉक्टरनी बाई? जामुन का कीड़ा जाता है क्या?’

‘जामुन? अभी कहाँ मिल गया जामुन, माँ जी?’

‘अभी नहीं. बरसात में खाया था इसने.’

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. वही बोइर, वही जामुन, कुछ नहीं होता, म्हणून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं. मला मात्र कळलं. चपलेत एक पाय घालून मी तशीच उभी राहिले. पावसाळ्यात मी जांभळं खाल्ली होती, काचेच्या वाटीत, सासूबाईंनीच दिली होती. त्यानंतर ती वाटी मला आठवलीही नव्हती.

परतीच्या रिक्षात त्या समोर बघत बोलल्या. ‘नळ जाऊन राहिला होता. मी जांभळं नुसती खंगाळली. मीठ नाही, काही नाही. म्हटलं पोट्टी कवाची मागून राहिली, खाऊ दे. मंग तू दवाखान्यात होती तवा मी कपडे न्यायले घरी आली. वाटीत चार उरले होते. एक फोडून पाहिलं. त्याच्यात होती.’ पदर सावरून त्या म्हणाल्या, ‘कोणाले सांगू वो? तुले कोणत्या तोंडाने सांगू?’

मी म्हटलं, ‘आई, मी त्याच वेळी बादल्या उचलत होते.’

‘कोणत्या बादल्या?’

‘नळाच्या. दोन. तुम्ही नको म्हटलं होतं, तरी.’

त्यांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत. ‘मले तर आठवतही नाही,’ त्या म्हणाल्या.

एकाच अर्ध्या तासाच्या नळावर आम्ही दोघी उभ्या होतो, त्या जांभळं खंगाळत, मी बादल्या भरत, आणि दोघींनी आपापली चूक उचलून सहा महिने एकमेकींपासून लपवली होती. एका खोलीत झोपून, एका ताटात भाज्या निवडून. मला त्यांच्यावर इतकी माया आली की मी रिक्षात भर रस्त्यावर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. सुनेने असं भर बाजारात रडणं त्यांना एरवी मुळीच चाललं नसतं. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, ‘धीरे चलाओ भैया, गड्ढा देख के.’

मुलगी आषाढात झाली, ऐन जांभळांच्या दिवसांत. ती आता नवा रायपूर या नव्याने वसवलेल्या शहरात नोकरीला आहे. तिथे रस्ते रुंद, झाडं एका मापाची, आणि बोरवाली काही फिरकत नाही. रविवारी येते तेव्हा परातीतलं बोर पाण्यातूनच उचलून तोंडात टाकते. मी मराठीत ओरडते, ती हिंदीत उत्तर देते. ‘कीड़ा निकला तो प्रोटीन है, मम्मी.’ सासूबाईंसमोरही ती हेच म्हणायची आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या गेल्या त्याला सहा वर्षं होतील. तीन पाणी मी चालू ठेवलं आहे. फोडून कोणालाच देत नाही.

पण त्या दिवशीचं राहिलंच. रिक्षा आमच्या पाऱ्यात वळली तेव्हा कोपऱ्यावर दुलारी टोपली घेऊन बसलेली होती. सासूबाईंनी रिक्षा थांबवली. मला वाटलं, आता दुलारीचं काही खरं नाही, आणि दुलारीलाही तसंच वाटलं असावं, कारण ती टोपलीवर हात आडवा धरून बसली. सासूबाई खाली उतरल्या, टोपलीपाशी उकिडव्या बसल्या, बराच वेळ बोरं वरखाली केली. एक निवडलं. तांबूस, जरा सुरकुतलेलं. दुलारीच्या लोट्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं. अंगठा सवयीने देठाकडे गेला, थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

‘घे,’ त्या म्हणाल्या.

मी ते अख्खं तोंडात टाकलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी चावताना त्यांचेही ओठ हलत होते. मी सावकाश खाल्लं, गर सगळा ओरबाडून घेतला. लहान मुलापुढे धरतात तसा त्यांनी माझ्या हनुवटीखाली तळहात धरला, आणि मी आठळी त्यात टाकली. त्यांनी मूठ मिटली. उघडून पाहिलं नाही.

‘गोड होतं का?’ त्यांनी विचारलं. सबंध हिवाळ्यात हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.